बेबीचा घसा बसतो

बेबी पंचेचाळिशीला आली होती, सुईत दोरा ओवताना चष्मा कपाळावर चढवायची आणि जिना चढताना गुडघ्याला हात लावायची, तरी सगळे तिला बेबीच म्हणत. थोरल्या भावाने ती पाळण्यात असताना जे नाव चिकटवलं, ते काही निघालं नाही. भावाचं चिकटवणं पक्कंच असायचं. तो सुतार होता. बेबीचा नवरा पॉलिशवाला, आणि बेबी स्वतः खुर्च्या-सोफ्यांच्या गाद्या शिवायची. तिघांचं मिळून फर्निचरचं एक दुकान होतं. पुढच्या खोलीत भाऊ रंधा मारायचा, मागच्या खोलीत नवरा पॉलिश करायचा. ओल्या पॉलिशवर भुसा बसला की केलेलं सगळं मातीत, म्हणून दोन्ही खोल्यांच्या मधलं दार कायम लोटलेलं. त्या दाराशी बेबीचं शिलाई मशीन.

फक्त एक दिवस ते दार उघडं राहिलं आणि घोटाळा झाला. एक गिऱ्हाईक नव्या कपाटावर हात फिरवत "काय चमक आहे हो, काय चमक!" असं थांबायलाच तयार नव्हतं. शेवटी सुतार म्हणाला, "पॉलिश काय, कोणीही मारतं."

मागच्या खोलीतून उत्तर आलं, "खिळे ठोकायलाही फारशी अक्कल लागत नाही!"

सुताराने उभ्या जन्मात कपाटाला खिळा मारला नव्हता. लाकडात लाकूड असं बसवायचा की सांधा शोधावा लागे. त्याला हे भलतंच झोंबलं. त्या दिवसापासून दोघांचा अबोला सुरू झाला, त्याला आता दोन वर्षं होत आली होती.

अबोला म्हणजे काय, तर बोलणं बंद नव्हतं. उलट वाढलं होतं. फक्त ते बेबीमार्फत व्हायचं. सुतार एकटा, वरच्या मजल्यावर राहायचा आणि जेवायला बहिणीकडे यायचा. जेवताना भाजीचं पातेलं मेहुण्याच्या कोपराशी असलं, तरी तो म्हणायचा, "बेबी, पातेलं इकडे सरकवायला सांग." आणि नवरा म्हणायचा, "तुझ्या भावाला म्हणावं, घे." मग बेबी उठायची.

दुकानात तर तिचं मशीन चालायचं कमी आणि तोंड जास्त. आणि इथेच बेबीची खरी कारागिरी होती. ती निरोप जसाच्या तसा कधीच पोचवत नसे. भाऊ म्हणायचा, "सांग तुझ्या नवऱ्याला, टेबलाला डांबर फासलंय का म्हणून विचारलंय." ती मागे जाऊन म्हणायची, "अहो, दादा म्हणतो रंग अंमळ गडद झालाय, पण चकाकी छान आलीये." नवरा म्हणायचा, "चकाकी येणारच. पृष्ठभाग खडबडीत ठेवलाय त्याने, माझी निम्मी जिंदगी घासण्यात गेली." ती पुढे येऊन म्हणायची, "दादा, हे म्हणतात लाकूड चांगलं निवडलंस." फाटलेल्या गादीला आतून कापड लावावं, तसं चाललं होतं. दोघांनाही दुसरा हळूहळू वरमतोय असं वाटायचं, आणि दोघेही त्याने समोर येऊन माफी मागावी म्हणून मोठ्या मनाने वाट बघत बसले होते.

मग बेबीचा घसा बसला. आधी खरखर, मग शिट्टी, मग काहीच नाही. घशाच्या डॉक्टरीणबाईंनी आरशाने आत बघितलं आणि विचारलं, "शिक्षिका आहात का?"

बेबीने नाही म्हणून मान हलवली आणि हाताने टाके घालून दाखवले.

"गाद्या शिवता? मग एवढं बोलता कोणाशी?" बाईंनी गोळ्या लिहून दिल्या. "आठवडाभर तोंडातून अवाक्षर नाही. कुजबुजसुद्धा नाही. त्यानं तर जास्तच बिघडतं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच सुतार दाराशी आला. वाचनालयासाठी मोठं लंबगोल टेबल चाललं होतं. त्याचा वरचा भाग आता पॉलिशला जायचा होता. "बेबी, सांग त्याला..." बेबीने गळ्यावर बोट ठेवलं. "हो, हो. मग लिहून दे."

तिने पेन्सिल उचललीही. पण भावाचा निरोप असा होता: "त्याला म्हणावं, याला तरी तुझा तो काळा चिखल लावू नकोस." बेबी थांबली. तोंडी बोलताना आवाज मऊ करता येतो, मधेच हसता येतं. कागदावर आपलं अक्षर, आणि नवरा ते घेऊन थेट दादापुढे नाचवणार. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि मशीनवर पाय ठेवला.

पण सुताराला सवय मोडवेना. दार ढकलून, मेहुणा समोर पॉलिशमध्ये कापडाचा बोळा भिजवत उभा असताना, तो बहिणीकडेच तोंड करून मोठ्याने म्हणाला, "बेबी, याला सांग, काळा चिखल नको!"

नवऱ्याने बोळा खाली ठेवला. "बेबी, हा कोणाबद्दल बोलतोय असं?"

"मी तिच्याशी बोलतोय."

"मीही तिच्याशीच बोलतोय. अगं, कालपरवापर्यंत तर माझ्या हाताला तोड नाही म्हणत होता हा!"

सुताराने बहिणीकडून नजर काढली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मेहुण्याकडे सरळ पाहिलं. "कोण म्हणालं? मी? मी म्हणालो होतो, जावईबापूंना हात धुवायला सांग, दाराला डाग पडतात."

"असं? आणि मी पाठवलेल्या टोमण्यांचं काय झालं? मी म्हटलं होतं, हा सुतार लाकूड दातांनी कापतो का म्हणून!"

"माझ्यापर्यंत आलं ते, 'हे म्हणतात, दादा, जरा स्वतःच्या दातांची काळजी घे.'" सुतार थबकला. "मी त्यासाठी दवाखान्यात जाऊन आलो, जावईबापू. दाढही भरून घेतली."

दोघे एकदम बेबीकडे वळले. बेबी अतिशय मन लावून शिवत होती. खाली कापडच नव्हतं.

"म्हणजे ही आपल्या दोघांना..." नवरा म्हणाला.

"दोन वर्षं!" सुतार म्हणाला. 'आपल्या दोघांना' हे शब्द त्याच्या कानांना जरा विचित्रच लागले.

मग त्यांनी चहा मागवला आणि तिथेच, नव्या टेबलाच्या कडेला टेकून, हिशेब जुळवावा तसे जुने निरोप जुळवत बसले. मूळ काय होतं, पोचलं काय. काही ठिकाणी दोघेही हसून वाकले. बेबीलाही हसू यायचं, पण हसायला घसा लागतो, म्हणून ती नाकाने फुसफुसायची.

हसता हसता ते कपाटाच्या दिवसापाशी आले आणि गाडी थांबली. तो निरोप कोणीच बदललेला नव्हता. तो थेट कानावर पडला होता.

"कोणीही मारतं, म्हणालात तुम्ही," नवरा म्हणाला. आवाज लहान झाला होता. "परक्या माणसासमोर."

सुतार बराच वेळ अंगठ्याने टेबलाची कड चाचपत राहिला. "म्हणालो," तो शेवटी म्हणाला. "तो बाबा नुसती चमक, चमक करत होता. मी तीन आठवडे त्या सांध्यांवर घातले होते. एकदाही कपाटाचं दार उघडून आत बघितलं नाही त्याने. तुमचं काम दिसतं हो. माझं आत राहतं."

"मग तसं त्याला सांगायचं ना. मला कशाला मधे घेतलंत?"

"त्याला काय सांगणार? तो गिऱ्हाईक. तुम्ही घरचे."

हे स्पष्टीकरण तसं लंगडंच होतं. सुतारालाही ते जाणवलं असावं, कारण त्याने उरलेला चहा एका घोटात संपवला. नवऱ्याने टेबलावरून हात फिरवला. मग म्हणाला, "खिळ्यांचं मी उगाच म्हणालो. तुम्ही खिळे मारत नाही, ते मला ठाऊक आहे." आणि बोळा उचलून, "रंग कुठला हवाय? बोला. फिका?"

"फिका."

"किती फिका?"

"तुम्ही सांगा. पॉलिशवाले तुम्ही."

पुढचे दिवस दुकानात जे काही झालं, त्याला शांतता म्हणता येणार नाही. दोघांना दोन वर्षांचा अनुशेष भरून काढायचा होता. टेबलाच्या कडा किती गोल, पाय आधी बसवायचे की आधी रंगवायचे, दार कोणी उघडं टाकलं, सगळ्यावर तोंडातोंडी. पण आता भांडण जिथे सुरू व्हायचं तिथेच संपायचं. साठवून ठेवायला कोणी नव्हतं. बेबी ऐकत शिवत राही. पहिले दोन दिवस तिला मोकळं वाटलं. तिसऱ्या दिवशी जरा राग आला. एवढी वर्षं आपण ज्याच्यासाठी घसा झिजवला, ते या दोघांनी एका चहात उरकलं! चौथ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की या सगळ्या काळात इकडून तिकडे गेलेल्या निरोपांत स्वतःचा असा तिचा एकही नव्हता.

आठवडा संपला. सकाळी दुकान उघडल्यावर दोघेही तिच्यासमोर येऊन उभे राहिले, शाळेतल्या पोरांसारखे. सुताराने गरम पाण्याचा पेला पुढे केला. "बोल बेबी. काय बोलायचंय?"

बेबीने घोट घेतला. आवाज आला, जरा जाडसर पण तिचाच. "मला उद्या सुट्टी हवीये. मी मैत्रिणीकडे जाणार आहे. परवा संध्याकाळी येईन. स्वयंपाक तुम्ही दोघांनी करायचा."

मग नवरा सुताराकडे वळून समजावल्यासारखं म्हणाला, "तिचं म्हणणं असं आहे, की जमलं तर, एखाद्या दिवशी..."

"जमलं तर असं मी म्हटलं नाही," बेबी म्हणाली.

"तिला जरा थकवा आलाय," सुतार म्हणाला, "म्हणून ती..."

"दादा, थकवा नाही. कंटाळा आलाय. तुम्हा दोघांचा."

"बघितलंत?" नवरा हळूच सुताराला म्हणाला. "मधे कोणी नसलं की कसं लागतं ते?"

"लागतं खरं," सुतार म्हणाला. मग डोकं खाजवत विचारलं, "डाळ शिजायला किती वेळ लागतो हो?"

"मला काय विचारता?"

यावर दोघांची जी जुंपली, ती ऐकत बेबी पिशवी भरायला घरात गेली.