उपासाची कढई

कर्णपुऱ्याच्या यात्रेत सारजाबाईंच्या दुकानात वीस वर्षं दोनच गोष्टी मिळायच्या. मिरची भजी आणि चहा. तिसरं काही मागितलं की सारजाबाई हनुवटीनं शेजारचं दुकान दाखवायच्या आणि पुन्हा कढईत बघायच्या. दुकान म्हणजे चार बांबू, वर ताडपत्री, पुढं लोखंडी टेबल. नवरात्राच्या नऊ माळा इथं, बाकीचं वर्ष छावणीच्या आठवडी बाजारात.

मग त्यांची धाकटी जाऊ भागूबाई पाचोडहून शहरात राहायला आली आणि तिला दोन गोष्टी काही पुरेनात.

"आक्का, लोकं यात्रेत पोट भरायला येतेत का? मज्जा करायला येतेत. तुमच्या भज्यात मज्जा कुठंय?"

"मिरची चाव, मंग सांग."

भागूबाई ऐकणाऱ्यातली नव्हती. तिनं शहागंजातून एक यंत्र आणलं. त्यात बटाटा खोचायचा, दांडा फिरवायचा, की झाली बटाट्याची अखंड स्प्रिंग. ती काडीवर ताणायची आणि तळायची. शिवाय पॉपकॉर्नचं मशीन, आणि म्हातारीचे केस काढणारं एक गरगरतं भांडं. गुलाबी साखरेचा पहिला गोळा निघाला, तेव्हा सारजाबाईंचे यजमान बद्रीनाथ तो हातात धरून बराच वेळ उभे राहिले. कुठून चावायचा ते त्यांना कळेना.

सारजाबाईंनी सगळ्याला मान डोलावली. अडल्या त्या फक्त बटाट्यापाशी. यात्रेतल्या निम्म्या बायांना उपास. भज्यांच्या तेलातला, बेसन लागलेला बटाटा त्यांना कसा चालणार?

"उपासाचा म्हनून इकायचा असंल तर कढई येगळी, तेल येगळं, झारा येगळा. नायतर पाटीवर उपास लिहायचा नाय."

"झारा बी?"

"झारा बी. उपास लोकांचा असतो भागू, पन खातेत माझ्या शब्दावर."

नवी कढई आली. तिच्या झाऱ्याला लाल चिंधी बांधली. बद्रीनाथांनी पाटी लिहिली: उपवासाचा बटाटा, कढई वेगळी. पहिल्या दोन माळांना बाया पाटी वाचायच्या, एकमेकींकडं बघायच्या आणि पुढं जायच्या.

तिसऱ्या माळेला कालिंदीकाकू पाटीसमोर थांबल्या. काकू म्हणजे छावणीपलीकडच्या कॉलनीतल्या भजनी मंडळाच्या प्रमुख. नऊ दिवसांचा कडक उपास. मंडळातल्या बाया पाणी प्यायच्या आधीसुद्धा त्यांच्या तोंडाकडं बघत.

"कढई वेगळी?"

"येगळी."

"तेल?"

"येगळं."

"आणि हात?"

सारजाबाईंनी दोन्ही हात उलटेसुलटे करून दाखवले. "भजी भागू करती. मी बटाट्यावर."

"चार द्या मग. आणि नेहमीचं पार्सल, घरच्या मुलांना."

हे पार्सल जुनं होतं. दहा वर्षं झाली, प्रत्येक माळेला सहा मिरची भजी, कागदात घट्ट बांधून.

काकूंनी बटाटा घेतला एवढं पुरे झालं. चौथ्या माळेपासून बायांची रांग लागली. दांडा फिरवून फिरवून बद्रीनाथांचा खांदा धरला. सारजाबाईंना मात्र रांगेची धास्तीच वाटायची. एका बाईला पिठाचा कण सापडला, तर वीस वर्षांचं नाव एका दुपारी जाणार होतं.

आठव्या माळेला मुंगीला वाट मिळत नव्हती. सारजाबाई तेलाचा नवा डबा आणायला गेल्या आणि त्या वेळात भागूबाईनं दोन्ही कढया सांभाळल्या. परत येऊन बघतात तर बटाट्याच्या तेलात पिवळा चुरा तरंगत होता.

"भागू, झारा कुठला घातला?"

भागूबाईनं हातातल्या झाऱ्याकडं बघितलं. चिंधी नव्हती.

"घाई झाली आक्का. एवढासा तर चुरा. देवी काय कढईत डोकावती का?"

"ह्यातले कुनाला दिले?"

"चारच काढले." भागूबाईचा आवाज खाली गेला. "कालिंदीकाकूला."

सारजाबाईंनी गॅस बंद केला, पदर खोचला आणि गर्दीत शिरल्या.

"सांगू नका!" भागूबाई मागून ओरडली. "सांगितलं तर उद्यापासनं कुत्रं फिरकनार नाय दुकानावर!"

सारजाबाईंना पळायची सवय नव्हती. आकाशपाळण्यापर्यंत त्यांना दम लागला, बांगड्यांच्या दुकानाशी पोटात कळ आली. तिथंच, ताडपत्रीच्या मागं, काकूंची जांभळी साडी दिसली.

"काकू! खाऊ नका!"

काकू वळल्या. गाल फुगलेला. एका हातात अर्धं मिरची भजं, दुसऱ्या हातात उघडलेलं पार्सल, आणि त्यात तीन नुसते देठ.

मागं आकाशपाळण्याची एक फेरी पूर्ण झाली. मग काकूंनी घास गिळला.

"शुगरच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टर म्हणाले, उपाशी राहायचं नाही." त्या थांबल्या. "तीन वर्षांपासून."

"पार्सल तर धा वर्षांपासनं हाय," सारजाबाई म्हणाल्या. म्हणायचं नव्हतं, निघून गेलं.

"मुलं पुण्याला असतात," काकू पुटपुटल्या. "मंडळात सांगू नका हो."

"मी त्याच्यासाठी नाय आले. बटाटे कुठंयत?"

"बायकांना दिले. का?"

"त्यात बेसन पडलंय."

काकूंचा चेहराच बदलला. "अहो, मंडळातल्या उमाचे पहिलेच नऊ दिवस आहेत!" पार्सल पिशवीत कोंबून, पदरानं तोंड पुसत त्या सुटल्या. गोळ्या चालू असलेल्या बाईच्या मानानं फारच जोरात.

मंडळातल्या चौघी लिंबाखाली बसल्या होत्या. काड्या तशाच हातात. काकूंच्या आधी तोंड लावायची तिथं पद्धत नव्हती, म्हणून उमा आपल्या बटाट्यावर नुसती फुंकर घालत होती.

"थांबा!" काकू ओरडल्या.

सारजाबाई मागून पोचल्या. "माझ्या दुकानात झारा चुकला. ह्या चारी बटाट्यांना बेसन लागलंय. खाऊ नका."

"म्हणजे इतके दिवस खाल्ले तेही तसलेच?" एकीनं विचारलं.

"नाय. ह्ये चारच."

"कशावरून?"

सारजाबाईंनी कपाळ पुसलं. त्या घामानं भिजल्या होत्या आणि चौघी काकूंच्या तोंडाकडं बघत होत्या. काकूंनीही सारजाबाईंकडं बघितलं, मग स्वतःच्या पिशवीकडं.

"कढई सोडून पळत आल्यात त्या," काकू म्हणाल्या. "गप्प बसल्या असत्या तर तुम्हाला कळलं असतं का?" आणि चारही काड्या काढून घेऊन त्यांनी शेजारी खेळणाऱ्या पोरांना वाटून टाकल्या.

संध्याकाळी सारजाबाईंनी बटाट्याचं सगळं तेल भज्यांच्या कढईत ओतलं, नवी कढई राखेनं घासली आणि नवं तेल भरलं.  भागूबाईनं लाल चिंधी सोडून झाऱ्याला आपली लाल ओढणी बांधली, हातभर लांब.

नवव्या माळेला काकू आल्या. मागं मंडळ, मंडळामागं रांग.

"कढई वेगळी?" काकूंनी खणखणीत विचारलं.

"येगळी."

"तेल?"

"कालचं भज्यांत ओतलं, आजचं येगळं."

"झारा?"

भागूबाईनं झेंड्यासारखा झारा उंच धरला. रांग हसली.

"पाच द्या." मग काकू घुटमळल्या. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. पार्सलचं नाव काही त्यांच्या तोंडून निघेना.

सारजाबाईंनी वर बघितलंच नाही. कागद घेतला, सहा मिरच्या मोजल्या, वर एक सातवी ठेवली आणि पुडी घट्ट बांधली.

"ह्ये घरच्या पोरास्नी," त्या सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा बोलल्या, "वाट बघत असतील."