सुनीतीच्या कोपरावरचा रंग

मित्रांनो, मी कातडी सावळी करणाऱ्या लोशनची एक जुनी बाटली आहे. हसलात ना? गोल बाजारातला दुकानदारही हसायचा. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं, दुकानात नवा नवा माल येत होता, त्यात मीही आले. शेजारच्या गोरेपणाच्या क्रिमा हातोहात खपायच्या आणि मी धूळ खात बसायचे.

एक दिवस रमाबाईंनी मला उचललं. "दीदी, ये तो काला करने वाला है!" दुकानदार म्हणाला. त्यांनी पैसे मोजून दिले. त्यांच्या मुलीच्या, सुनीतीच्या, कोपरांवर आणि मानेवर कोडाचे पांढरे डाग होते.

माझ्या पोटात डीएचए नावाची साखरेच्या जातीची वस्तू आहे. पोळी तव्यावर खरपूस होते ना, तशीच ती कातडीच्या वरच्या, मेलेल्या थरात काही तासांनी तपकिरी रंग धरते. तिच्याच जातीचं एरिथ्रुलोज तोच रंग सावकाश, सारखा चढवतं. ग्लिसरीन आणि कोरफड कातडी मऊ ठेवतात, म्हणजे चट्टे पडत नाहीत. ऊन मात्र मी मुळीच अडवत नाही. झाली माझी फुशारकी!

सुनीतीच्या डागांवर मी छान बसले. राजधानीच्या नव्या कचेरीत नोकरी करणाऱ्या शेखरच्या घरचे पाहायला आले आणि लग्न ठरलं. पण पोरीचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"आई, शेखरले आधीच सांगून टाकू ना. मले लय भेव वाटून राहिलं."

"चूप बस! एकदा अक्षता पडू दे, मंग सांगू."

हळदीच्या दिवशी शेखरकडच्या बायका उष्टी हळद घेऊन आल्या. सोबत बेसन-दह्याचं उटणं होतं. रमाबाईच हौसेनं म्हणाल्या, "चांगलं चोळा हो, पोरीचा रंग उजळला पाहिजे!"

मेलेली कातडी निघाली की माझा रंगही निघतो. त्यांना हे कुठून माहीत असणार? मला माहीत होतं, पण बाटलीचं कोण ऐकतं!

अंगावर पाणी ओतलं आणि डाग उघडे पडले. शेखरच्या आत्यानं हात झटकन मागे घेतला. "हे काय? कोड?" कोड शिवून लागत नाही, तरी त्या बाई साबण मागत मोरीकडे धावल्या. संध्याकाळी मांडव उतरला. शेखर एकदाही आला नाही.

आता मी जुनी झाले आहे. माझ्या अंगाला आंबूस वास येतो, रंगही पिवळट चढतो. काल पुन्हा कुणी पाहायला येणार होतं, म्हणून रमाबाईंनी मला कपाटातून काढलं. पूर्वी सुनीती भांडायची, रडायची. काल तिनं स्वतःच बाही वर केली आणि खिडकीकडे बघत बसली. मला फार वाईट वाटलं.

मित्रांनो, दुसरी बाटली म्हणेल, मला झाकण लावून थंड जागी ठेवा. माझं सांगणं वेगळं आहे. ज्या ताईला लावायचं, तिला आधी विचारा. सुनीतीला कुणी विचारलंच नाही. आता विचारलं, तर ती म्हणेल, "लावून टाक."