परतवलेला चहा

कापसाची वेचणी चालू असताना आलेल्या त्या पत्राला मी हिवाळा सरत आला तरी उत्तर दिलं नव्हतं. पत्र जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयाचं होतं आणि गावच्या आरोग्य समितीचा चिटणीस म्हणून माझ्या नावाने आलं होतं. मी चिटणीस कसा झालो ते मला नीट सांगता येणार नाही. गावात बरं अक्षर असलेला निवृत्त शिक्षक मी एकटाच, आणि बैठकीत नाही म्हणायचं तर तोंड उघडावं लागतं.

इराणातल्या गुर्गान नदीकाठच्या या आमच्या तुर्कमेन गावांत अन्ननलिकेचा कर्करोग फार. त्याला आळा घालायला कार्यालयाकडे पाच योजना होत्या, पण यंदा प्रत्येक गावाला एकच मिळणार होती. कुठली आधी हवी ते गावाने ठरवून कळवायचं. भाजीच्या वाफ्यांचं आणि पाण्याच्या टाकीचं आमच्याकडे थोडंफार झालेलंच होतं. अफू सोडवण्याच्या योजनेला गावात कोणी हात वर करणार नव्हतं. उरल्या दोन. कॅमेऱ्याची नळी घालून घसा आतून तपासणारी गाडी, किंवा कढत चहाची सवय मोडण्यासाठी वर्षभर घरोघर शिकवण.

मी पुस्तकं काढून वाचत बसलो. जितकं वाचलं तितका अडकलो. गाडी मागितली तर आज ज्यांच्या घशात काही आहे ते सापडतील. चहा मागितला तर आज पाळण्यात असलेली पोरं पुढे वाचतील. रात्री मी ‘चहा’ लिहायचो आणि सकाळी तुवाक दिसला की कागद फाडायचो.

तुवाक माझा शाळेपासूनचा सोबती. सगळा जन्म मेंढरांमागे गेलेला, चालायला लागला की अजून मला मागे टाकणारा. त्या शरद ऋतूपासून तो रोटी चहात भिजवून खायला लागला होता. आमच्याकडे याचा अर्थ डॉक्टरला विचारावा लागत नाही. माझी बायको एनेबीबी गेली, तिचीही सुरुवात रोटी भिजवण्यापासूनच झाली होती.

एके दिवशी आरोग्यघरातली सेविका आयनाबात दारात उभी राहिली. दमलेली, बुटांना चिखल.

“गुरुजी, वरून फोन आला होता. या आठवड्यात उत्तर गेलं नाही तर आपल्या गावची योजना दुसऱ्या गावाला देतील.”

“दोन्ही बाजूंनी विचार करतोय, पोरी.”

“करा. पण शुक्रवारी तुवाककाकांकडे सगळ्यांना बोलावलंय, तिथे करा.”

शुक्रवारी नमाजानंतर आम्ही म्हातारे तुवाकच्या गालिच्यावर भिंतीला पाठ लावून बसलो, आयनाबात समोर. प्रत्येकापुढे आपापली किटली, आपापला प्याला. पलीकडच्या खोलीत तुवाकची बायको ओगुलसोल्तान मागावर बसली होती. विणीवर आपटणाऱ्या फणीचा आवाज येत होता.

“चहा निववून प्यायचा?” बेगेंच म्हणाला. “अगं आयनाबात, मग पाहुण्याला सरळ पाटाचं पाणीच दे. किटली तरी घासायला नको.”

“तुमची किटली तुम्ही कधी घासलीत, काका?”

सगळे हसले. बेगेंच चिडला. “माझा बाप उकळता चहा पिऊन ऐंशी वर्षं जगला!”

“आणि आई?”

बेगेंचने डोक्यावरची टोपी काढली, उगाच झटकली, पुन्हा घातली. अफूचं नाव निघालं तेव्हा चौघेजण एकदम आपापल्या गुडघ्यांकडे पाहू लागले.

“गुरुजी, तुम्ही बोला,” आयनाबात म्हणाली.

“म्हणजे, एका बाजूने पाहिलं तर…”

“झालं!” बेगेंच म्हणाला. “यांच्या दोन्ही बाजू ऐकता ऐकता आमची पोरं म्हातारी झाली.”

तेव्हा तुवाक बोलला. “नझर, चहाच लिही. गाडी येऊन मला काय नवीन सांगणार आहे?”

फणीचा आवाज थांबला. ओगुलसोल्तान दारात आली. तिच्या बोटांना लोकरीचे धागे चिकटलेले होते.

“त्यांचं ऐकू नका, गुरुजी. अहो, कोरडी रोटी शेवटची कधी खाल्लीत ते सांगा ना सगळ्यांना! सांगा!”

तुवाकने माझ्यापुढची किटली ओढली, प्याल्यात चहा ओतला आणि तो पुन्हा किटलीत परतवला. असं तीनदा करायचं असतं, पत्तीचा रंग पाण्यात उतरावा म्हणून. त्याचं तीनदा झालं तरी हात थांबेना. ओतायचा, परतवायचा. बायकोकडे बघायला लागू नये म्हणून चाललं होतं ते, हे सगळ्यांना कळत होतं. शेवटी त्याने प्याला भरून माझ्यापुढे सरकवला.

मी फुंकर न घालता घोट घेतला. जीभ पोळली नाही.

“निवलाय,” माझ्या तोंडून निघून गेलं.

“घ्या! यजमानाने पाहुण्याचा अपमान केला,” बेगेंच म्हणाला.

“अपमान कसला?” तुवाक म्हणाला. “तीनदा परतवला तर मान. सातदा परतवला तर दुप्पट मान. तुला मी कधी एवढा मान दिलाय का?”

आयनाबात त्याच्या हाताकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “याला कार्यालयाची योजना कशाला हवी? पाहुण्याला मान द्या, सातदा परतवा. मी उद्यापासून घरोघर हेच सांगते.”

“मग मी गाडी लिहितो,” मी म्हणालो.

“लिही,” तुवाक म्हणाला. “पण मी चढणार नाही. त्या गाडीची पायरी चढलो की संध्याकाळी गावभर होईल, तुवाकला झालंय. नातीचं लग्न जमायचंय.”

“पन्नाशीपुढचे सगळेच चढले तर?” आयनाबात म्हणाली. “मग कोण कोणाबद्दल बोलणार?”

“आणि पहिला कोण चढणार?” तुवाकने विचारलं.

पुन्हा सगळे गुडघ्यांकडे पाहू लागले. मला दात तपासतानासुद्धा उमासे येतात. एनेबीबीच्या घशात नळी घातली तेव्हा मी बाहेर उभा होतो, आत जायची हिंमत झाली नव्हती.

“मी,” मी म्हणालो.

“गुरुजी तुम्ही?” बेगेंच मांडीवर थाप मारून म्हणाला. “अहो, नळी तोंडातून घालतात, आणि तुम्ही तर तोंडच उघडत नाही!”

तुवाक खूप दिवसांनी हसला. हसता हसता त्याला ठसका लागला आणि ओगुलसोल्तान त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. दम परत आल्यावर तो म्हणाला, “नझर आत गेला तर मी त्याच्या मागे जाईन. पळायला लागला तर धरायला कोणी तरी हवंच.”

घरी येऊन उत्तर लिहिलं. दोन ओळींचं काम, पण दुपार गेली. बरोबर केलं की नाही, आजही सांगता येत नाही. तुवाकसाठी कदाचित उशीर झाला असेल आणि त्यात माझ्या टेबलावर पडून राहिलेल्या पत्राचाही वाटा असेल. चहाचंही काय, कापणी आली की घाईघाईत लोक पुन्हा तीनदाच परतवतील. हे सगळं लिहावंसं वाटलं. लिहिलं नाही. ‘आमच्या गावाला आधी तपासणीची गाडी हवी,’ एवढं लिहून सही केली.

दुसऱ्या दिवशी बसने तालुक्याला गेलो. टपाल कार्यालयातल्या खिडकीतल्या मुलीने पाकीट उलटसुलट पाहिलं.

“साधं की नोंदणी करून?”

मी काहीतरी पुटपुटलो.

“जरा मोठ्याने बोला, आजोबा. ऐकू येत नाही.”

“नोंदणी करून,” मी मोठ्याने म्हणालो. रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं. तिने पाकिटावर शिक्का मारला आणि ते मागच्या पोत्यात टाकलं.