पूर्वेच्या भिंतीवरून

विद्यापीठाच्या फुटबॉल टीमचा इतिहास छापायचं ठरलं, तेव्हा ते काम इतिहास विभागाकडे गेलं आणि तिथेच घोळ झाला. इतिहासाच्या माणसांना कुठल्याही गोष्टीचं साधं कारण पुरत नाही. स्मरणिकेच्या मधल्या पानावर त्यांनी छापून टाकलं: 'सामना जिंकल्यावर पाच क्रमांकाच्या खेळाडूने चेंडू पूर्वेकडील भिंतीवरून पलीकडे मारावा, ही आपल्या संघाची जुनी परंपरा. पूर्व ही उगवतीची दिशा असल्याने ही कृती नव्या आरंभाचे प्रतीक मानली जाते.' वहिनींनी हे वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि घरात एकट्याच असताना खोखो हसल्या. मग बराच वेळ त्यांना पुढचं पान उलटावंसं वाटेना.

बाकीची स्मरणिका तशी खरी होती. टीम काढली हॉस्टेलच्या पोरांनी, आणि पहिली कित्येक वर्षं ती इतकी इमानेइतबारे हरायची की समोरची टीम या मॅचला सुट्टीच धरायची. मग रसायनशास्त्राचे सर कोच झाले. त्यांनी पोरांना घाम फुटेस्तोवर पळवलं, प्रत्येकाची जागा ठरवून दिली, आणि त्याच टीमने आंतरविद्यापीठ कप लागोपाठ तीन वर्षं घरी आणला. त्यातले दोघं पुढे देशाकडूनही खेळले. नंतर मात्र उतरती कळा लागली. कप कपाटात गेले, कपाटाची किल्ली हरवली, आणि टीमचं नाव निघालं की लोक विषय बदलू लागले. आता इतक्या वर्षांनी टीम पुन्हा फायनलला पोचली होती आणि फायनल घरच्याच मैदानावर होती. म्हणून ही स्मरणिका, आणि म्हणूनच जुन्या खेळाडूंचा सत्कार.

त्या सोन्यासारख्या तीन वर्षांत पाच नंबरचा शर्ट ज्यांच्या अंगावर होता, ते वहिनींचे यजमान. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

वहिनी तेव्हा वनस्पतिशास्त्र शिकत होत्या. लग्नाचा विषयही कुणी काढला नव्हता, तरी अख्खी टीम त्यांना वहिनी म्हणून चिडवायची. पहिल्यांदा त्या मॅच बघायला गेल्या आणि टीमचा पार धुव्वा उडाला. दुसऱ्यांदा हाफटाइमला गेल्या, तेव्हा टीम पुढे होती. त्या कठड्यावर टेकल्या काय, आणि आपल्या टीमवर गोलमागून गोल बसत गेले काय. पोरांच्यात कुजबुज सुरू झाली. पांढऱ्या पायाची, असं कुणी तोंडावर म्हणालं नाही, पण म्हणायचं काही बाकीही ठेवलं नाही.

शेवटी कोच सर स्वतः विभागात आले. परीक्षानळीत दिसेल तेवढंच खरं मानणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांना कुठे बघावं ते कळेना.

"तू हुशार मुलगी आहेस," ते म्हणाले. "पण मॅचला येत जाऊ नकोस."

"सर, याला शास्त्रीय आधार काय?"

"दोन प्रयोग झालेत. तिसरा करायची माझी छाती नाही."

वहिनींना राग आला होता, अपमानही वाटला होता. पण टीम पुढची मॅच जिंकली आणि त्यांची बोलतीच बंद झाली.

मैदानाच्या पूर्वेला दगडी भिंत होती आणि भिंतीला लागून वनस्पतिशास्त्राचं काचघर. मॅच असली की वहिनी तिथे बसायच्या. टीपकागदात पानं दाबायची, चिठ्ठ्यांवर नावं लिहायची, आणि कान सगळे भिंतीकडे. आरडाओरडा ऐकू यायचा, पण तो आपल्यांचा की समोरच्यांचा, काही पत्ता लागत नसे. जीव नुसता टांगणीला लागायचा. त्यांनी तसं सांगितलं, तेव्हा पाच नंबर म्हणाला, "सोपं आहे. जिंकलो की बॉल तुझ्याकडे टाकतो."

आणि टाकलाही. शिट्टी वाजली, गलका झाला, आणि झाडांच्या फांद्या मोडत बॉल खाली आला. पाठोपाठ तो भिंतीवर चढला आणि हात पुढे करून म्हणाला, "दे." वहिनींनी बॉल पोटाशी धरला. "आधी सांग, कसा झाला." मग त्याने भिंतीवर पाय सोडून पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिकडे टीम त्याच्या नावाने शंख करतेय, कप द्यायला आलेले पाहुणे ताटकळतायत, आणि इकडे याचं चाललंय, मग त्याने कॉर्नर घेतला, मग मी उडी मारली. एकदा बॉलने काचघराचं छप्पर फोडलं. विभागप्रमुखांनी थयथयाट केला आणि दुसऱ्या दिवसापासून मॅचचा निकाल तेही वहिनींनाच विचारू लागले.

तर असे ते तीन कप. वहिनींनी ते सगळे कानांनीच पाहिले. लग्न झाल्यावरही जेवणाच्या टेबलावर चमचे आणि वाट्या मांडून पुन्हा पुन्हा तेच गोल व्हायचे. मिठाची बरणी कायम गोलकीपर. पण मैदानावरचा नवरा त्यांनी पाहिला तो फक्त दोनदा, आणि दोन्ही वेळा मान खाली घालून बाहेर येताना. शिट्टी वाजते त्या क्षणी, जिंकल्यावर, यांचा चेहरा कसा होत असेल? फोटो होते, पण फोटोवाल्यांनी कप तेवढा नीट टिपला होता. आता तर विचारायलाही कुणी उरलं नव्हतं. एकदा, निदान एकदा, त्या मैदानावर जिंकताना बघायचं, एवढीच हुरहुर वहिनींच्या मनात घर करून होती. जिंकणारा दुसरा कुणी का असेना.

आमंत्रण घेऊन जुना गोलकीपर आला. उंचीमुळे त्याला सगळे खांब म्हणायचे. आता खांब थोडा वाकला होता.

"वहिनी, त्याचा सत्कार तुम्ही घ्यायचा. खुर्ची पहिल्या रांगेत ठेवलीय. पूर्ण मॅच बघायची."

"आणि हरलो तर, भावजी?"

खांबाने टेबलावरची मिठाची बरणी उगाच इकडची तिकडे केली. "तेव्हा आम्ही गाढव होतो. या."

वहिनी गेल्या. सत्कार झाला, शाल नाही, हार नाही, फक्त टीमचा नवा शर्ट, पाठीवर पाच. तो मांडीवर ठेवून त्या पहिल्या रांगेत बसल्या. पलीकडे खांब आणि उरलेले तीन-चार म्हातारे. मैदान केवढं मोठं होतं. भिंतीपलीकडून ते कधी एवढं वाटलं नव्हतं. आत्ताचा पाच नंबर एक काटकुळा पोरगा होता, दोन खेळाडूंच्या मधून असा निसटायचा की वहिनी खुर्चीच्या कडेला येऊन बसल्या.

आणि समोरच्या टीमने गोल केला.

म्हाताऱ्यांपैकी कुणी वहिनींकडे पाहिलं नाही. इतकं ठरवून पाहिलं नाही की त्यापेक्षा पाहिलेलं परवडलं असतं. वहिनींना उठून जावंसं वाटलं. नाही जायचं, त्या स्वतःशी म्हणाल्या. एवढ्या वर्षांनी खुर्ची मिळालीय.

हाफटाइम झाला, खेळ पुन्हा सुरू झाला, आणि कॉर्नरवरून आलेला बॉल पाच नंबरने डोक्याने जाळ्यात घातला. वहिनी उभ्याच राहिल्या. खांबाने त्यांचा हात गच्च धरला.

"वहिनी, बसा. आता बसूनच राहा," तो म्हणाला. "आम्हाला माफ करा."

त्यानंतर आपल्याच टीमचा जोर होता. दुसरा गोलही झाला, गर्दीच्या एका धक्क्यात, कुणी मारला तेही कळलं नाही. थोडाच वेळ राहिला होता. समोरची टीम थकली होती. आता फक्त बसायचं आणि बघायचं, बस्स.

वहिनींची नजर पूर्वेच्या भिंतीवर गेली. झाडं आता भिंतीच्या कितीतरी वर पोचली होती. हा पोरगा बॉल मारणार, तो त्या झाडांतून खाली जाणार, आणि तिथे कुणीही नसणार. मधल्या काळात एखादी मॅच जिंकली तर माळी दुसऱ्या दिवशी बॉल आणून देई, असं त्यांनी ऐकलं होतं. तेव्हा काही वाटलं नव्हतं. आज मात्र त्यांना ते सोसवेना.

त्या उठल्या.

"अहो वहिनी, कुठे निघालात?" खांब घाबरला. "आता तसलं काही नाही मनात. खरंच नाही. बसा ना."

"तसलं नाही हो, भावजी. पलीकडे कुणीतरी हवं ना."

खांबाने आपली काठी त्यांच्या हातात दिली.

मैदानाच्या कोपऱ्यातलं फाटक अजून तसंच करकरत होतं. काचघर गेलं होतं, तिथे रोपांच्या कुंड्या ओळीने मांडल्या होत्या. वहिनी भिंतीशी पोचल्या, धाप लागली होती. भिंतीपलीकडून ओरडा आला, थांबला, पुन्हा आला. आपल्यांचा की त्यांचा, कळेना. जीव तसाच टांगणीला लागला, अगदी पहिल्यासारखा. एकट्याने असं उभं राहायचं फार कठीण गेलं त्यांना. शर्ट त्यांनी छातीशी घट्ट धरला.

शिट्टी वाजली.

मग फांद्या मोडल्या आणि बॉल कुंड्यांच्या मधे येऊन पडला. वहिनींनी तो उचलला. पूर्वीपेक्षा हलका होता. थोड्या वेळाने भिंतीवर दोन हात दिसले, मग डोकं.

"आजी, बॉल देता का?"

वहिनींनी तो पोटाशी धरला. "आधी सांग, कसा झाला."

पोराने मागे वळून पाहिलं. तिकडे त्याच्या नावाने हाका चालल्या होत्या. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्याने पाय इकडे टाकले आणि भिंतीवर नीट बसला. कपाळाला माती, केस ओले, तोंड लाल, आणि हसू आवरायचा प्रयत्न करूनही आवरत नव्हतं. वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. हा चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. याच भिंतीवर त्यांनी तो पाहिला होता, दर वेळी, बाकी सगळ्यांच्या आधी. त्यांच्या डोळ्यांना धार लागली आणि त्यांनी ती पुसली नाही.

"पहिल्यापासून सांगू?" पोराने विचारलं.

"पहिल्यापासून," वहिनी म्हणाल्या, आणि एका पालथ्या कुंडीवर बसल्या.