खवट न झालेले तेल

मित्रांनो, दाराला अडण म्हणून लावलेला हा काळा दगड म्हणजे मी. मी पूर्वी औषधे कुटायचा खल होतो. डोंबिवलीजवळच्या कोपर गावात आवडाबाई मला रोज धुऊन पुसून ठेवी.

आवडाबाई गावाला झाडपाल्याचे औषध देई. माझ्या पोटात तिने हिरडा कुटला, सुंठ कुटली, पण माझी खरी ओळख बावचीची. त्या काळ्या बिया कुटून ती तिळाच्या तेलात मुरवी आणि गाळून बाटलीत भरी. अंगावर पांढरे डाग आलेली माणसे लांबून येत. ती काडीने नेमके डागावरच तेल लावी, कोवळ्या उन्हात जरा वेळ बसवी आणि लगेच धुऊन टाकायला सांगे, कारण हे तेल लावून जास्त ऊन घेतले की कातडी भाजे. साधे तिळाचे तेल काही महिन्यांत खवट होई. हे मात्र वर्ष उलटले तरी तसेच राही.

"बियांचाच गुन हाय तो," ती म्हणे. मला तेव्हा फार अभिमान वाटे.

बावन्न साली वैशाखात ती बिया आणायला कल्याणच्या बाजारात गेली आणि तीन-चार दिवस तिकडेच नातलगांकडे राहिली. तिचा मुलगा गोपीनाथ मिठागरावर कामाला निघाला. खाऱ्या पाण्याने पाय फाटू नयेत म्हणून तिथली माणसे गुडघ्यापर्यंत तेल चोळून जात.

"गोदे, तेल दे गो. मना उशीर झाला."

त्याची बायको गोदा फळीपाशी आली. दोन बाटल्या सारख्याच होत्या. तिने पहिली हुंगली आणि तोंड वाकडे केले. "ह्ये तर वास मारतंय." मग दुसरी हुंगली. "हां, ह्ये ताजं हाय."

"नुसती हुंगत बसशील का चोळशील पन?"

गोदा हसली आणि पसा भरून तेल त्याच्या पायांना चोळू लागली. मी त्याच फळीखाली होतो. ते बावचीचे तेल होते, त्या बिया माझ्याच पोटात कुटलेल्या. ओरडावेसे वाटले, पण दगडाला कुठला आवाज?

गोपीनाथ दिवसभर रणरणत्या उन्हात मीठ ओढत राहिला. दुसऱ्या दिवशी पाय लाल झाले, तरी तो कामावर गेला. मग टरारून फोड आले, फुटले, त्यांत खारे पाणी शिरले.

आवडाबाई परतली, तिने पाय पाहिले आणि फळीकडे बघितले. "कंच्या बाटलीतलं लावलंस?"

"वास घेतला ना मी, आई. खवट नव्हतं."

"ते खवट व्हतच नाय, पोरी." ती गोड्या पाण्याने त्याचे पाय धुवायला बसली.

ठाण्याच्या इस्पितळातून तो परत आला तेव्हा पाऊस लागला होता. हंगाम गेला. पुढल्या वर्षी मिठागरावर त्याच्या जागी दुसरा माणूस उभा होता, आणि खाऱ्या पाण्यात पाय घातला की गोपीनाथचे डोळे भरून येत. आवडाबाईने त्या बाटलीच्या गळ्याला लाल चिंधी बांधली. बावची पुन्हा कुटली नाही.

पुढे आवडाबाई वारली. गोदा म्हातारी झाली. अजून एखादी बाटली हातात आली की ती हुंगत नाही, रिकाम्या घराला विचारते, "ह्यात काय हाय गो?" मला ठाऊक असते. मी दाराशी पडून राहतो.

मित्रांनो, तुम्हाला तोंड आहे, हात आहेत. औषधाच्या बाटलीला आजच खूण करा आणि घरातल्या सगळ्यांना ती दाखवा. नुसत्या चांगल्या वासावर विसंबू नका. आमच्या घरातली चिंधी उशिरा बांधली गेली.