पारण्याचं पाणी

पांझरा नदी देवपुरात शिरली आणि आमची शाळा पूरग्रस्तांची छावणी झाली. मामलेदारांनी बजावलं, उकळल्याशिवाय पाणी कुणाला देऊ नका, पटकी पसरेल. उकळायचं कुणी? आम्ही! आम्हा जैनांच्या घरात पाणी रोज गाळून उकळतातच. फक्त हंड्याच्या जागी मिठाईच्या कढया आल्या. चूल लाडकुंवर भाभींकडे, रांग माझ्याकडे. मी नववीतली, पण आवाज असा की मोठमोठे बाप्येसुद्धा सरळ उभे राहायचे.

भाभींची अठाई चालू होती, पर्युषणातला आठ दिवसांचा उपास. पोटात उकळलेल्या पाण्याशिवाय काही नाही, आणि दिवसभर चुलीपुढे.

"जरा बसा ना, भाभी."

"बसले तर उठवायला वना भोयाची नाव आणावी लागेल, बाईसा!" नणंदेला त्या बाईसाच म्हणायच्या.

शेवटच्या दिवशी दुपारी भाभींचा नवरा, माझा नेमीचंददादा, त्याच नावेतून पाण्याचे डबे घेऊन निघाला. नदीकाठच्या वस्तीत माणसं छपरांवर अडकली होती.

"उद्या सकाळी पारणं आहे," भाभी म्हणाल्या. "मुगाचं पाणी कोण पाजणार?"

"मीच. दुसऱ्या कुणाच्या हातून उपास सोडायचा नाही, सांगून ठेवतो!"

"उशीर केलास तर मी पाजेन," मी ओरडले, "आणि पुण्यही मलाच!"

दादा हसत हसत गेला.

दिवस मावळायच्या आत नाव परतली. डबे रिकामे. वनाच्या मांडीवर एक लहान पोरगी. दादा नव्हता.

वना रडत होता. "भिंत पडनी, बाई. पोरले मना हातमा दिधं, आन् भाऊ पाणीमा गयात."

सकाळी आई मुगाचं पाणी घेऊन आली. भाभींनी हात जोडले. "आजही उपासच. ते येऊन पाजतील."

शोधणारे अजून काठाकाठाने फिरत होते. दादाला हाक मात्र आता कुणी मारत नव्हतं.

"अशानं या पडतील, समजवा कुणीतरी," मामलेदार म्हणाले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. बोलणारी मीच ना! मी वाटी उचलली, भाभींसमोर गेले. वाटी नुसतीच पुढे धरली.

तेवढ्यात ती वनाने आणलेली पोरगी लोटा घेऊन आली. भाभींनी भरून दिला.

"गरम शे," ती कुरकुरली.

आमच्यात फुंकर मारत नाहीत, हवेतले जीव मरतात म्हणून. भाभी दोन भांड्यांत पाणी वरखाली करून निववायला लागल्या. निवलं, पोरगी पिऊन गेली, तरी त्यांचे हात थांबेनात. या भांड्यातून त्या भांड्यात.

मुगाची वाटी माझ्या हातातच गार झाली.