मडिवाळप्पा गावाला गेलेत

ईश्वरप्पांनी रिसीव्हर उचलला आणि मोकळ्या हाताने समोरचा चादरींचा गठ्ठा बाजूला सारला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं.

"मुंबईचा पीपी कॉल आहे," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "मडिवाळप्पा आहेत का?"

मडिवाळप्पा नावाचा माणूस त्यांच्या दुकानात किंवा घरात कधीच नव्हता. ही मुलाची, विरुपाक्षची युक्ती. ट्रंक कॉलला पैसे फार पडतात. पण पीपी कॉल ठरावीक माणसाच्या नावाने मागायचा, आणि तो माणूस नसला तर किरकोळ फी भरून सुटका. दर गुरुवारी मुंबईहून मडिवाळप्पाची चौकशी आली म्हणजे मुलगा खुशाल. 'गावाला गेलेत' असं उत्तर गेलं म्हणजे बाप खुशाल. काही वाईट घडलंच, तर बापाने मडिवाळप्पा होऊन बोलायचं. "फायदा आपलाच आहे की, आप्पा," विरुपाक्ष म्हणाला होता. ईश्वरप्पा जन्माचे व्यापारी, त्यांना हे एकदम पटलं.

शिवम्मा होती तोवर पटलेलंच राहिलं. बायको गेली, घर खायला उठलं, आणि ईश्वरप्पा गुरुवारची वाट बघू लागले. मुलगा पलीकडे कान देऊन असणार, या आशेने ते उत्तर लांबवायचे. "गावाला गेलेत मडिवाळप्पा. गुडघा दुखतोय म्हणत होते. पुतणीला, निंगव्वाला मुलगी झाली, म्हणून कुंभारीला गेलेत." ऑपरेटरबाई चांगल्या होत्या, सहसा मध्येच तोडायच्या नाहीत. पलीकडून मात्र कधी खाकरल्याचासुद्धा आवाज आला नाही.

आज त्यांना मुलाचा आवाज हवा होता. बाकी काही नको होतं. पोरगा घाबरेल हे कळत होतं. घाबरू दे, असंच त्यांना वाटलं.

"मीच मडिवाळप्पा," ते म्हणाले. "द्या जोडून."

खरखर झाली. ईश्वरप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"हॅलो, आप्पा? काय झालं हो? कुणाला काय झालं?"

आवाज विरुपाक्षचा नव्हता.

"कोण बोलतंय?"

"मी भीमा. साहेबांच्या हापिसात शिपाई हाय."

"विरुपाक्ष कुठाय?"

"साहेब फिरतीवर हायेत. गुरवारचा कॉल दिवाळीपास्नं मीच लावतो की. तुमी 'गावाला गेलेत' म्हनला, की साहेबांना सांगतो, घरी ठीक हाय. पन आज काय झालं?"

"काही नाही झालं," ईश्वरप्पा म्हणाले. रस्त्यावरून एक टांगा गेला. इतके दिवस आपण कुणाला गुडघा सांगत होतो, या विचाराने त्यांना लाज वाटली, आणि लाजेहून जास्त वाईट वाटलं.

"आणि मी बाकीचं बोलायचो ते?" त्यांनी विचारलं. "तेही सांगतोस साहेबाला?"

भीमा घुटमळला.

"साहेब म्हनत्यात, ठीक हाय का न्हाय, तेवढंच सांग." मग घाईने म्हणाला, "पन मी ऐकतो की, आप्पा. निंगव्वाताईच्या पोरीचं नाव काय ठिवलं? मागल्या बारीला बारशाचं सांगता सांगता लाइन कटली."

ईश्वरप्पांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"चंद्रव्वा," ते म्हणाले. "माझ्या आईचं नाव."

"लई ब्येस."

"तुझं गाव कुठलं रे?"

"सांगोला. बाहत्तरच्या दुष्काळात आलो हितं. म्हातारी तितंच हाय, एकटी."

"तिला करतोस का कधी फोन?"

"तिच्याकडं कुठला फोन, आप्पा?"

"तीन मिनिटं झाली," ऑपरेटरबाई मध्ये आल्या. "वाढवायचा का कॉल?"

पलीकडे भीमा गडबडला. "आप्पा, बिल साहेबांच्या नावावर येतंय. लई चिडतील."

"वाढव," ईश्वरप्पा म्हणाले. "चिडला तर मला फोन तरी करेल. तोवर तू बोल."